तीन नंबर तापतो, चार नंबर गप्प

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नानांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. पायलटच्या मांडीवरच्या पॅडचा कागद, त्यावर पेन्सिलीने लिहिलेले चार आकडे: २०४, २११, २३८, २२१. त्यांच्याखाली ‘तेल ११३’. फोटोखाली नानांची एक ओळ: ‘तोंडं मोठी केली तरी तीन नंबर तापतोच आहे. येतोस का एकदा?’

आकडे सेल्सिअसमधले, विमानाच्या इंजिनाच्या चार सिलिंडर हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यांचे. पूर्ण थ्रॉटल, ८० नॉटचा वेग, चार मिनिटं सलग चढाई, बाहेरची हवा ३४ अंश.

नानांचा साकीनाक्याला टूलरूमचा गाळा आहे. वय सत्तर. नऊ वर्षं खपून त्यांनी आराखड्यांवरून अ‍ॅल्युमिनियमचं दोन आसनी विमान बनवलं. अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभं केलं आणि २०१६ साली बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. तेव्हापासून मुंबईत कोणी विमान बनवतो म्हटलं तर लोक वेड्यात काढत नाहीत, ‘परवानगी मिळाली का?’ एवढंच विचारतात. नानांची परवानग्यांची फाइल हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे नको. विमान साकीनाक्यात बनलं, पण उडतं घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवरून. उडवतो नानांचा भाचा. तो व्यावसायिक पायलट आहे, आणि मामाचा शब्द त्याला मोडवत नाही. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. सुरुवातीची वर्षं फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांवर, पुढची सांताक्रूझच्या हँगरमध्ये मोठ्या जेटवर. निवृत्तीनंतर नाना मला मास्तर म्हणतात आणि फुकट राबवून घेतात.

इंजिन लायकमिंग ओ-३२०, १५० अश्वशक्तीचं. चार सिलिंडर आडवे, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. पायलटच्या बाजूने पाहिलं तर उजवीकडे पुढे एक नंबर, डावीकडे पुढे दोन, उजवीकडे मागे तीन, डावीकडे मागे चार. पाण्याचा रेडिएटर नाही, सगळा भार हवेवर. प्रोपेलरच्या मागे काउलिंगला, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाला, दोन तोंडं असतात, त्यांतून हवा आत शिरते आणि इंजिनाच्या वरच्या बंद जागेत दाटते. तिथून ती सिलिंडरच्या फिन्समधून, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांमधून, खाली उतरते आणि काउलिंगच्या बुडाशी, इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीपाशी (फायरवॉलपाशी), बाहेर पडते. वर दाब जास्त, खाली कमी; या फरकामुळेच हवा फिन्समधून जाते. वरचा भाग आणि खालचा भाग वेगळे ठेवणारे पत्रे म्हणजे बॅफल. पत्र्यांच्या काठांवर रबराच्या पट्ट्या असतात, त्या काउलिंगला आतून चिकटून बसतात.

लायकमिंगने हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा २६० अंश दिली आहे. भाच्याचं म्हणणं, ‘काका, २३८ म्हणजे अजून बावीस अंश हातात आहेत.’ असल्या हिशेबाने माणसं सिलिंडर बदलत बसतात. अ‍ॅल्युमिनियम तापलं की त्याची ताकद उतरते, आणि ती २६० ला एकदम नाही, आधीपासूनच उतरू लागते. कंपनीचाच सल्ला असा की इंजिन दीर्घकाळ टिकवायचं तर जोरकस क्रूझमध्ये, म्हणजे चढाईनंतरच्या सरळ उड्डाणात, हेड २२४ च्या खाली ठेवावं आणि निवांत क्रूझमध्ये २०५ च्या. तेलाची मर्यादा ११८. आपलं तेल ११३ वर, तेही चौथ्याच मिनिटाला आणि चढतं. पाचवं मिनिट कोणी पाहिलं नव्हतं, कारण भाच्याने शहाणपणाने नाक खाली केलं.

मी गेलो तोवर नानांचे दोन उपाय करून झाले होते. पहिला उपाय वाट पाहणं. सिलिंडर नवे आहेत, पिस्टनच्या रिंगा बसल्या की उष्णता उतरेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते चूक नव्हतं. नव्या सिलिंडरांत सुरुवातीचे काही तास घर्षण जास्त असतं आणि हेड तापतात. पण रिंगा बसतात तेव्हा तेल पिणं कमी होऊन एका आकड्यावर स्थिरावतं आणि हेडचं तापमानही उतरतं. नानांच्या लॉगबुकात अकरा तासांची उड्डाणं होती. तेल पिणं स्थिरावलं होतं, तापमान तिथेच होतं. म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली होती.

दुसरा उपाय करवत. हवा कमी पडते म्हणून नानांनी पुढची दोन्ही तोंडं कापून मोठी केली. फायबरचं काउलिंग, कापायला सोपं. तीन नंबर एक अंशानेही उतरला नाही, उलट विमान क्रूझमध्ये दोनेक नॉटने मंदावलं.

‘नाना, तोंडं मोठी करायच्या आधी काय मोजलं?’

‘तापमान.’

‘आणि हवा?’

‘हवा कशी मोजणार?’

हवा मोजता येते, तीही स्वस्तात. एसीवाल्याकडून तांब्याची बारीक नळी आणली. तिचे तुकडे कापून एकेक टोक झाळून बंद केलं आणि बंद टोकाजवळ चारी बाजूंनी एक मिलिमीटरची भोकं पाडली. टोक उघडं ठेवलं तर समोरून येणारा झोत थेट आत शिरतो आणि दाब खोटा दिसतो. एक नळी सिलिंडरच्या वर, दुसरी खाली. तिथून पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या फायरवॉलच्या रिकाम्या ग्रॉमेटमधून (रबरी कडं बसवलेल्या भोकातून) कॉकपिटमध्ये. तिथे फळीवर दोन यू आकाराच्या नळ्या, म्हणजे मॅनोमीटर, मागे मिलिमीटरची पट्टी, आत शाई घातलेलं पाणी. दोन्हींची दुसरी बाजू विमानाच्या स्टॅटिक लाइनला, म्हणजे बाहेरच्या हवेचा स्थिर दाब आणणाऱ्या नळीला. विमान चाचणीच्या काळात असल्याने आत एकट्या पायलटनेच बसायचं, म्हणून फळीसमोर मोबाइल लावून व्हिडिओ काढला. भाच्याने फक्त वेग सांभाळायचा.

८० नॉटला समोरून येणारी हवा पूर्ण थांबवली तर तिचा दाब सुमारे १०६ मिलिमीटर पाण्याइतका होतो. निसर्गाकडून मिळणारं भांडवल एवढंच. व्हिडिओत वरच्या भागात ८४ मिलिमीटर दिसले. चांगले आहेत, तोंडं लहान असती तरी साधारण तेवढेच दिसले असते. खालच्या भागात ४६. गोम इथे होती. फिन्समधून हवा ढकलायला उरले ३८ मिलिमीटर. खालच्या भागात हवा तुंबत होती. गाडी भरून आलेली असताना पुढच्या दारातून आणखी माणसं कोंबून काय होणार? आधी मागच्या दारातून माणसं उतरायला हवीत. नानांनी तोंडं वाढवली तेव्हा वरचा दाब थोडा वाढला असेल, पण खालचाही वाढला असणार.

त्याच उड्डाणात एक फुकटचा उपायही सापडला. ९५ नॉटने चढलं की तेच भांडवल १५० मिलिमीटरच्या घरात जातं, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. भाच्याला तेव्हाच सांगितलं, धावपट्टीच्या पुढची झाडं पार झाली की नाक खाली घ्यायचं. नानांना ते आवडलं नाही. ‘विमान बरं झालं नाही, तू फक्त औषध बदललंस,’ म्हणाले. खरं होतं.

मग पाऊस आला. धावपट्टीवरच्या शेडला दारं नाहीत, म्हणून विमानाचे पंख काढून सगळं ट्रकने साकीनाक्याला आणलं. मुंबईत चार महिने इंजिन नुसतं उभं राहणार म्हटल्यावर पहिली काळजी थंडाव्याची नव्हती, गंजाची होती. समुद्राची दमट हवा सिलिंडरच्या आत शिरली की भिंतींवर गंजाचे ठिपके पडतात. स्पार्क प्लग काढून आत संरक्षक तेल फवारलं आणि प्लगच्या जागी सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांचे पारदर्शक प्लग बसवले. दाणे गुलाबी पडले की बदलायचे. जुलैत ते सात-आठ दिवसांतच गुलाबी पडत.

शोधाची सुरुवात मी काउलिंगपासून केली नाही, मीटरपासून केली. जुनी सवय. रोगी तपासण्याआधी थर्मामीटर तपासावा. प्रत्येक हेडमध्ये एक थर्मोकपल, म्हणजे तापमान टिपणारं तारांचं टोक, असतं. चारही बाहेर काढून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडली. मुंबई समुद्रसपाटीला, पाणी १०० ला उकळतं, यापेक्षा सोपं माप नाही. चारही ९९ ते १०१ दाखवत होती. नाना म्हणाले, ‘झालं समाधान?’

झालं नव्हतं. चार नंबरची तार मध्येच जोडलेली दिसत होती. इंजिनाच्या बाजूला, फायरवॉलच्या पुढे, तिथून कॉकपिटपर्यंत साधी तांब्याची वायर. मूळ तार तोकडी पडली म्हणून नानांच्या वायरमनने घरातल्या वायरिंगसारखा सांधा मारून दिला होता. थर्मोकपलच्या दोन तारा दोन वेगळ्या धातूंच्या असतात, आणि मीटरपर्यंत त्याच धातूंच्या तारा जायला हव्यात. वाटेत तांबं जोडलं की तो सांधाच मोजमापाचं दुसरं टोक होतो. मीटर मात्र समजतो की दुसरं टोक आपल्याजवळ, थंड कॉकपिटमध्ये आहे. सांधा मीटरपेक्षा जेवढा गरम, तेवढे अंश मीटर कमी दाखवणार.

हे समजावून सांगितलं तर नाना मान डोलवतात, पटत काही नाही. म्हणून त्यांच्या सुनेचा हेअर ड्रायर मागवला. थर्मोकपल उकळत्या पाण्यात, मीटरवर १००. सांध्यावर ड्रायर धरला. मीटर ९६, ९१, ८५ आणि ७७ वर येऊन थांबला. पातेल्यात पाणी खळखळत उकळत होतं. ड्रायर बंद केला, आकडा हळूहळू पुन्हा शंभरावर. नानांनी स्वतः ड्रायर हातात घेऊन तीनदा करून पाहिलं. मग स्टुलावर बसले आणि वायरमनला फोन लावला. ते संभाषण इथे देण्यासारखं नाही.

उडताना काउलिंगच्या आत सांध्याची जागा सहज ६० ते ६५ अंशांवर जात असणार, आणि मीटरमागे चाळीसेक. म्हणजे चार नंबरचे २२१ हे खरे २४५ च्या आसपास. इतके दिवस आम्ही सगळे तीन नंबरच्या मागे लागलो होतो आणि सर्वात तापलेला सिलिंडर चार नंबर होता. प्रश्नाचं रूपच बदललं. एकटा तीन नंबर तापतो तेव्हा त्या सिलिंडरचं काही बिनसलंय का ते बघायचं: इनटेक पाइप हवा खेचतोय का, प्लग कुठला, फिन्स तुंबल्यात का. मागचे दोन्ही तापतात, शिवाय तेलही तापतं, तेव्हा मागच्या बाजूची हवा कुठे जाते ते बघायचं.

तरीही इंधन आणि टायमिंग तपासलंच. मॅग्नेटोचं, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं, टायमिंग या इंजिनाला पिस्टनच्या वरच्या बिंदूच्या २५ अंश आधी लागतं. दोन्ही मॅग्नेटो तिथेच होते. एखाददोन अंश पुढे सरकले असते तरी हेड तापलीच असती. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल ताशी सुमारे ५३ लिटर जात होतं, १५० अश्वशक्तीला ते बरोबर आहे. चढाईत मिश्रण मुद्दाम गडद ठेवतात, कारण जास्तीचं पेट्रोल जळत नाही, ते थंडावा देतं. ही बाजू स्वच्छ निघाली.

मग धूर. खालचं काउलिंग काढलं, वरचं बसवलं, समोरची तोंडं प्लायवूडने बंद केली. एका तोंडाच्या प्लायला भोक पाडून शेजारच्या गाळ्यातला भट्टीचा ब्लोअर जोडला. ब्लोअरच्या शोषणाच्या बाजूला धूपाटणं. आषाढातली दुपार, बाहेर धो धो पाऊस, गाळ्याचं शटर अर्धं खाली, दिवे बंद. मी विमानाखाली पाठीवर आडवा, हातात टॉर्च. सगळं नीट असतं तर धूर फक्त फिन्समधून, भाताच्या चाळणीतून पाणी गळावं तसा, सगळीकडून सारखा खाली यायला हवा होता.

चार नंबरच्या मागे डाव्या कोपऱ्यात धुराचा झरा वाहत होता. हात घातला तर चार बोटं मोकळी जात होती. तिथली रबराची पट्टी उलटी दुमडलेली. या पट्ट्या आतल्या बाजूला, दाबाकडे झुकलेल्या हव्यात, म्हणजे दाब वाढेल तशी हवाच त्यांना काउलिंगवर दाबून धरते. बाहेर झुकल्या तर हवा त्यांना ढकलून रस्ता करून घेते. वरचं काउलिंग बसवताना ती एकच पट्टी दर वेळी दुमडत होती. बाहेरून कोणाला दिसणं शक्य नव्हतं. शिवाय रबर साधं काळं होतं, उष्णतेने कडक होऊन लाकडासारखं झालेलं. नागदेवीला जाऊन आत कापडाचं अस्तर असलेलं तांबडं सिलिकॉन रबर आणलं आणि सगळ्या पट्ट्या बदलल्या. कोपऱ्यांना दोन पट्ट्या एकावर एक चढवल्या, पत्र्यांच्या सांध्यांवर उष्णता सोसणारं सिलिकॉन भरलं.

तीन नंबरची गोष्ट निराळी. तिथे गळती नव्हती, उलट धूरच येत नव्हता. लायकमिंगचे चारही सिलिंडर एकाच साच्यातले. एका बाजूच्या फिन्स खोल, दुसऱ्या बाजूच्या हेडपाशी अगदी उथळ. डावीकडचे सिलिंडर उजवीकडच्यांच्या उलटे बसतात, त्यामुळे ही उथळ बाजू तीन नंबरला मागे येते आणि दोन नंबरला पुढे. नानांनी तीन नंबरच्या मागचा पत्रा आराखड्याप्रमाणे हेडला अगदी चिकटवून बसवला होता, सुबक, टूलरूमवाल्याला शोभेल असा. हवेला जायला वाटच नाही. इथे सुबकपणा नडतो. पत्रा थोडा मागे घेऊन तिथे दहाएक मिलिमीटरचा फुगवटा ठोकून घ्यावा लागतो, म्हणजे हवा हेडच्या मागून वळसा घालून खाली उतरते. दोन नंबरच्या पुढे आडवी येणारी पट्टीही थोडी कापावी लागते. शिवाय चार नंबरच्या फिन्समध्ये ओतकामाचे कचरे राहिलेले होते, धातूचे पातळ पापुद्रे, दोन भोकं जवळजवळ बुजवणारे. पातळ कानशीने तासभर बसून काढले. घाई केली तर फिनला ओरखडा पडतो, आणि पुढे तिथूनच तडा जातो.

तेलासाठी तापमानाची झडप तपासली. तेल थंड असताना ती कूलरला वळसा घालू देते. साधारण ८५ अंशांना पोचलं की लांब होऊन तो वळसा बंद करते आणि सगळं तेल कूलरकडे पाठवते. ती घरी नेली, जुन्या पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवली, व्हर्नियर आणि थर्मामीटर घेऊन उभा राहिलो. बायको म्हणाली, ‘आता विमानही शिजवायचं का?’ झडप नीट लांबत होती. मग कूलर? तो चार नंबरच्या मागच्या बॅफलवरच बसवलेला. वरून दाबाची हवा घेतो आणि खालच्या भागात सोडतो. खाली ४६ मिलिमीटर तुंबलेले. तेल आणि सिलिंडर, दोघांचं दुखणं एकच होतं.

आता ते मुख्य दुखणं. काउलिंगच्या बुडाचं मोजमाप कागदाचा साचा कापून केलं. मूळ तोंडं दोन मिळून ४३० चौरस सेंटिमीटर, करवतीनंतर ५४०. बाहेर पडायची जागा वरवर पाहता ४७०, पण तिच्यातून दोन एक्झॉस्ट पाइप जातात, पुढच्या चाकाचा दांडा जातो, इंजिनातली वाफ सोडणारी ब्रीदरची नळी जाते. वजा केल्यावर उरले ३९०. हवा आत येते ३५ अंशांची, बाहेर पडते शंभराच्या आसपास. नुसत्या तापण्याने ती एकपंचमांश फुगते. जुन्या अनुभवाचा ठोकताळा असा की बाहेरची वाट आतल्या तोंडांच्या सव्वा ते दीडपट हवी. इथे ती पाऊणपटीपेक्षाही कमी होती, आणि कमी करण्यात आमच्या करवतीचा हात होता. त्यात फायरवॉलचा खालचा काठ काटकोनी. वरून खाली येणारी हवा त्या धारेवरून वळू शकत नाही. ती सुटते, भोवरे होतात आणि कागदावरची जागासुद्धा पूर्ण वापरात येत नाही.

काम ठरलं असं: तोंडं पुन्हा मूळ मापाला आणायची, काठ आतून बाहेरून गोल करायचे, काउलिंगचा मागचा काठ कापून निव्वळ वाट ६०० पर्यंत न्यायची, तिथे खाली झुकणारी छोटी ओठासारखी पट्टी द्यायची, आणि फायरवॉलच्या धारेवर स्टेनलेसच्या पातळ पत्र्याची गोल उतरण बसवायची. पत्र्याचं काम नानांनी दोन दिवसांत केलं. फायबरचं दोन महिने रखडलं, कारण आमचा फायबरवाला गणपतीच्या सजावटीत गळ्यापर्यंत बुडालेला. ‘विसर्जन झालं की पहिलं तुमचंच,’ तो म्हणाला आणि अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी खरोखर आला. प्रत्येक बदल लॉगबुकात, मापांसकट आणि सहीसकट. नाना कुरकुरले, पण लिहिलं.

दसऱ्यानंतर विमान पुन्हा घाटावर. माझी एकच अट होती: सगळे बदल एकदम उडवायचे नाहीत, टप्प्याटप्प्यानेच. उतरण आणि फुगवटा स्क्रूवर होते, काढता-घालता येत होते. बुडाच्या नव्या वाटेवर पहिल्या उड्डाणापुरता पत्रा मारून ती जुन्या मापाची केली. नाना वैतागले. सगळं एकदम बसवून एकदाच बघू, म्हणाले. पण मग कशाने काय झालं ते आयुष्यभर कळलं नसतं.

हवा ३० अंश होती, मेपेक्षा चारने थंड. अशा वेळी हेडच्या आकड्यात फरकाचे अंश जसेच्या तसे मिळवून तुलना करायची रीत आहे. मी खाली मिळवूनच देतो. सगळी उड्डाणं मुद्दाम ८० नॉटची, पूर्ण थ्रॉटल, चार मिनिटं, मेमध्ये होतं तसंच.

पहिलं उड्डाण: नवी तार, नव्या पट्ट्या, साफ केलेल्या फिन्स, पूर्ववत केलेली तोंडं. तीन नंबर २३१, चार नंबर २२८. चार नंबर मेच्या खऱ्या आकड्यावरून सतराएक अंश उतरला, तीनने जेमतेम दाद दिली. तेल १०९. दुसरं उड्डाण: बुडाची वाट मोकळी आणि उतरण बसवून. मॅनोमीटरच्या व्हिडिओत वर ८७, खाली १७. फरक ३८ वरून ७० वर. हवेचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे सुमारे एकतृतीयांश जास्त हवा. चारही उतरले: १९४, २००, २१५, २०७. तेल १०१. भाचा उतरल्यावर काही बोलला नाही, मोबाइल माझ्या हातात दिला आणि चहा सांगायला गेला. तिसरं उड्डाण: तीनच्या मागचा फुगवटा आणि दोनच्या पुढची कापलेली पट्टी. दोन नंबर १९६, तीन नंबर २०२. एक आणि चार जागच्या जागी.

चार नंबर अजून २०७. शेजारचा ऑइल कूलर त्याच्या वाट्याची हवा खातो, हे मला ठाऊक आहे. कूलर फायरवॉलवर हलवून त्याला वेगळी नळी दिली तर तो दोनशेच्या आत येईल. पण ९५ नॉटच्या चढाईत चारही १९५ च्या खालीच राहतात आणि क्रूझमध्ये तर प्रश्नच नाही, म्हणून ते काम सोडून दिलं. नानांना अजून खुपतं. क्रूझचा वेग मात्र करवतीआधीपेक्षा तीन नॉटने वाढला. तो वाढवायला कोणी सांगितलं नव्हतं, हवा नीट बाहेर पडू लागली त्याचा परिणाम. मॅनोमीटरच्या नळ्या काढून फायरवॉलची ग्रॉमेटं आग सोसणाऱ्या सीलंटने बुजवली.

जानेवारीत सकाळी साडेसातला नानांचा फोन. घाटावर अकरा अंश थंडी होती.

‘मास्तर, तेल ७१ च्या वर जातच नाही.’

तेल निदान ८२ च्या आसपास जायला हवं, नाहीतर त्यात साचलेलं पाणी उडून जात नाही आणि आतून गंज धरतो. मी म्हटलं, कूलरचा वरचा एकतृतीयांश भाग अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने झाका, आणि फेब्रुवारीच्या शेवटी काढायला विसरू नका. पलीकडे टेपचा रोल उलगडल्याचा आवाज आला. त्यांनी आधीच आणून ठेवला होता.